वेळेआधी सुटलेला रोजा

सर सायकलवर कधी बसत नसत. सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत. कॅरियरला प्रयोगवह्यांचा गठ्ठा, हँडलला डबा आणि शेजारून सर, अशी ती जोडी रोज नवीन पनवेलहून रेल्वेलाइन ओलांडून गावातल्या कॉलेजात जायची आणि तशीच परत यायची. मी एकदा न राहवून म्हणालो, "सर, बसा की वर. एवढी चांगली सायकल."

"वह्यांचं वजन आहे तिच्यावर. त्यात माझं कशाला घालू?" असं म्हणून थोडं पुढे गेले आणि थांबून म्हणाले, "आणि पाहुणे, चालताना चार माणसांना सलाम होतो. सायकलवरून नुसती घंटी होते."

मला ते पाहुणे म्हणायचे. मी परभणीकडचा. सातवीतून शाळा सुटली, लग्न लवकर झालं, आणि एका मुकादमाच्या मागे नवीन पनवेलच्या बांधकामांवर आलो. सेक्टर उभे राहत होते, काम भरपूर होतं, पण माझा जीव कधी ठिकाणावर नसायचा. बायको-मुलगी गावाकडे, इथे ओळखीचं कुणी नाही, आणि मुकादम कधी पळून जाईल याचा नेम नाही. तो शेवटी गेलाच. तेव्हा कुणीतरी सांगितलं, मुसलमान मुलांचं एक होस्टेल आहे, तिथे मेसला माणूस पाहिजे. म्हसळा, महाड, उरणकडची मुलं तिथे राहून कॉलेज करायची. होस्टेलचे रेक्टर म्हणजे सर. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे.

मी दारातच सांगून टाकलं, "साहेब, मी हिंदू आहे. चालेल का?" नंतर कळून हाकललं जाण्यापेक्षा आधीच हाकललेलं बरं, असा माझा तेव्हाचा हिशोब.

"भाजी चिरता येते?"

"येते."

"मग भाजीला विचारू."

बस, एवढी मुलाखत. दोन दिवसांनी कोठीच्या खोलीत आले, माझी पत्र्याची ट्रंक बघितली. "तुमचे देव कुठे आहेत?" मी म्हणालो, "ट्रंकेत." "ट्रंकेत? अहो, गुदमरतील." आणि कॉलेजच्या सुताराकडून एक फळी करून आणली, स्वतः भिंतीला ठोकली. वाकडीच ठोकली. माझा खंडोबा पुढची सगळी वर्षं जरा डावीकडे कलून बसला.

सरांकडे शिस्त होती, पण ती दुसऱ्या कुठल्या होस्टेलसारखी नव्हती. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजला मुलांना उठवायचं तर ते दारं वाजवत नसत. व्हरांड्यात उभे राहून आदल्या दिवशीचे बाजारभाव मोठ्यानं वाचत. कांदा अमुक, बटाटा तमुक, लसूण चढी, मिरची स्थिर. आवाज असा की लसणाचा भाव ऐकून मेलेला माणूस उठून बसला असता. मुलं वैतागून उठायची. आणि गंमत म्हणजे, उठून कोण नमाजला गेलं, कोण पुन्हा पांघरुणात शिरलं, हे सर कधी बघायचे नाहीत.

एकदा होस्टेलचे अध्यक्ष म्हणाले, "सर, नमाजची हजेरी ठेवा ना. पालक विचारतात." अध्यक्ष गावातले मोठे कंत्राटदार. सगळे त्यांना शेट म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. होस्टेलची इमारत त्यांनीच उभी केली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

"हजेरी कॉलेजात घेतो की," सर म्हणाले. "इथली घेणारा दुसरा आहे. त्याच्या कामात मी हात घालत नाही."

वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, नळ सोडायची बंदी. एक तांब्या पाणी घ्यायचं, त्यात भागवायचं, आणि उरलेलं मागच्या कढीपत्त्याला घालायचं. तेव्हा नवीन पनवेलात पाण्याचे हाल होते हे खरं, पण पाणी भरपूर आलं तरी नियम तोच. मुलं कुरकुरायची. "सर, आज तर टाकी वाहतेय!" "म्हणूनच आज बघायचंय," सर म्हणायचे. तो कढीपत्ता इतका माजला की आजूबाजूच्या सगळ्या बायका आमच्याकडूनच न्यायच्या.

पण खरा धाक मटणाच्या दिवशी. त्यांच्या धर्मात असं सांगितलंय म्हणे, की पाठीमागे कुणाची निंदा करणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. मला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मी वाढायला निघालो की सर कोपऱ्यातून शांतपणे म्हणायचे, "पाहुणे, त्या खिडकीजवळच्या चौघांना मटण वाढू नका. त्यांचं खाऊन झालंय." चौघं माना खाली घालायचे. दुपारी कुठल्यातरी प्राध्यापकाची टवाळी करत बसलेले असायचे ते. स्वयंपाकाच्या मेहरूनचाची, त्या उरणच्या, मला हळूच म्हणायच्या, "दे रं थोडा रस्सा तरी. पोरां हायत, बोलायचीच." मी रस्सा वाढायचो. सर बघायचे आणि दुसरीकडे बघायचे.

रमजानच्या आधी एक दिवस सगळ्या मुलांना कर्नाळ्याला घेऊन जायचे. अट एकच, चढून उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जिभेचा रोजा म्हणायचे ते त्याला. पोटाचा रोजा कुणीही ठेवतं, आधी ही बाई आवरा. मीही गेलो होतो एकदा. वाटेत अन्वर नावाच्या मुलाच्या पँटमध्ये मुंगळे शिरले. बिचारा न बोलता नाचत होता, आणि सर एका झाडाला टेकून, तोंडावर रुमाल धरून, आवाज न करता हसत होते.

हा अन्वर म्हणजे होस्टेलचा पहिल्या नंबरचा तक्रारखोर. चिरनेरच्या बाजूचा, केमिस्ट्रीला, डोक्यानं तल्लख. लसणाच्या भावावरून सरांची नक्कल करायचा ती इतकी हुबेहूब, की एकदा पहाटे खरे सर वाचत असताना मुलं "अन्वर, झोपू दे रे" म्हणून ओरडली.

रमजानमध्ये माझी पंचाईत व्हायची. मुलं दिवसभर उपाशी आणि मी जेवायचं कसं? मी कोठीत दार लोटून चार घास गिळायचो. एके दिवशी सरांनी दार उघडलं. माझ्या हातातला घास तिथेच राहिला.

"लपून का जेवता?"

"मुलांचे रोजे आहेत, सर. बरं दिसत नाही."

"बाहेर या. मेसमध्ये बसा. मुलांसमोर जेवा." मला वाटलं, रागावले. पण ते समजावत होते. "समोर कुणी जेवत असताना मन आवरायला शिकायचंय त्यांना. तुम्ही लपलात तर त्यांचा प्रॅक्टिकल कोण घेणार?"

मग काय, रोज दुपारी मी सगळ्यांसमोर भाकरी-पिठलं घेऊन बसायचो. घास उतरायचा नाही. मुलं मुद्दाम येऊन विचारायची, "भाऊ, पिठल्यात लसूण जास्त झालाय का हो? वास फार छान येतोय." एक अन्वर तेवढा माझ्या ताटाकडे ढुंकूनही बघायचा नाही. मला वाटायचं, काय निग्रह आहे पोराचा.

आणि रमजानच्या पहिल्या रात्री नमाजनंतर सर मुलांना दरवर्षी तेच सांगायचे. मी दारात भांडी पुसत ऐकायचो, त्यामुळे पाठ झालंय. "मोरीत नळ आहे. मोरीच्या दाराला आतून कडी आहे. तुमच्या घशाला कोरड पडलीय. कडी लावा, पाणी प्या, जगात कुणाला कळणार नाही. तरी तुम्ही पीत नाही. हे एवढंच शिकायला तुम्हाला इथे ठेवलंय. बाकी फिजिक्स पुस्तकात आहे."

आता त्या दिवसाचं सांगतो.

सरांचं मनगटी घड्याळ वर्षभर पुढे असायचं. मास्तरनं मुलांच्या आधी वर्गात असावं म्हणून ते थोडी मिनिटं पुढेच ठेवत. पण रमजानचा चांद दिसला की सगळ्यांदेखत किल्ली ओढून काटे मागे आणायचे, रेडिओच्या वेळेला लावायचे. "या महिन्यात घड्याळानंही खोटं बोलायचं नाही." आमचं होस्टेल गावाबाहेर, मशिदी लाइनच्या पलीकडे. त्यामुळे रोजा सोडायची वेळ सर घड्याळावर बघत आणि बोट वर करत. मग एक मुलगा अजान द्यायचा आणि सगळे खजूर तोंडात टाकायचे.

त्या वर्षी परीक्षा आणि रमजान एकत्र आले. पहिल्या पेपरला सरांकडे सुपरव्हिजन. सकाळी निघताना वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी काटे पुढे केले आणि संध्याकाळी मागे आणायचे विसरले. नेमकं त्याच संध्याकाळी शेटनी मुंबईचे बडे पाहुणे इफ्तारीला आणलेले. अंगणात सतरंज्या, फळांची ताटं, भज्यांचे डोंगर. शेजारच्या प्लॉटवर सिमेंटचं मिक्सर धडधडत होतं, शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नव्हतं. सरांनी बोट वर केलं. सगळ्यांनी रोजा सोडला आणि आत नमाजला उभे राहिले.

मी मागे ड्रमात पाणी भरत होतो. तेवढ्यात मिक्सर बंद पडलं आणि लांबून, लाइनपलीकडून, मशिदीची बांग ऐकू आली. मला वाटलं, आज गावाला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सर कलिंगड बघायला स्वयंपाकघरात आले. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "सर, काल गावातली बांग उशिरा झाली ना? तुमची नमाज अर्ध्यावर आली तेव्हा झाली."

सरांनी मनगटाकडे बघितलं. मग चाचींचा ट्रान्झिस्टर कानाला लावून उभे राहिले. बातम्यांची वेळ झाली, टोले पडले. त्यांनी परत घड्याळ बघितलं आणि कांद्याच्या पोत्यावर खाली बसले. इतका गोरा माणूस, पण चेहरा राखेसारखा झाला.

"काय झालं, सर?"

"सूर्य बुडायच्या आधी मी सगळ्यांचा रोजा मोडला, पाहुणे. दिवसभर उपाशी राहिलेल्यांचा. अगदी शेवटच्या पायरीवर."

चाची म्हणाल्या, "अवो सर, जाणूनबुजून केलंय काय तुमी? नाय ना? मग झालं. अल्लाला कळतंय."

"अल्लाला कळतंय, चाची. मुलांना कळलेलं नाही."

त्या संध्याकाळी इफ्तारीच्या आधी त्यांनी मुलांसमोर उभं राहून सांगितलं. कालचा रोजा झाला नाही, नमाजही झाली नाही. चूक माझी, घड्याळ माझं. ईदनंतर एकेक रोजा भरून द्यावा लागेल. मला माफ करा. काही मुलं हसली. एकजण पुटपुटला, "आम्हाला एका तांब्यात वजू करायला लावतात आणि स्वतः..." सर म्हणाले, "मोठ्यानं बोला, बरोबर बोलताय."

मग शेटकडे गेले. मीही मागोमाग गेलो. माझ्या जिभेनं हे सगळं उभं केलं होतं, मला होस्टेलवर बसवेना.

शेटनी ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "मौलवीसाहेबांना विचारलं?"

"विचारलं. म्हणाले, चुकून झालं, गुन्हा नाही, एकेक रोजा नंतर ठेवा."

"मग मुलांना सांगितलंत, संपलं. पाहुण्यांना कशाला सांगायचं? अहो, एवढी मोठी माणसं मी आणली. होस्टेलचा वरचा मजला त्यांच्या शब्दावर उभा राहणार आहे. आणि सांगायचंच असेल तर म्हणा, रमजानच्या वेळांच्या छापील कार्डात चूक होती. कार्ड कुठल्यातरी अत्तरवाल्यानं छापलंय, त्याचं काय जातंय?"

"अत्तरवाल्याचं काही जात नाही, शेट. माझा सगळा महिना जातो."

"मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"तुम्ही नका दाखवू. मी जातो."

"सर," शेटचा आवाज बदलला, "मग ईदनंतर कमिटीत रेक्टरचा विषय निघेल. मी थांबवू शकणार नाही."

सर उठले. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले, "निघायलाच हवा."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सर, मी बोललो नसतो तर..."

"तर आजही तसंच झालं असतं. आणि उद्याही." माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमचा कान शाबूत आहे म्हणून वाचलो. चला."

ते एकेका पाहुण्याच्या दारात जाऊन आले. बहुतेकांनी हसून घालवलं, कुणी म्हणालं, एवढ्यासाठी मुंबईपर्यंत आलात? एकानं मात्र आत बोलावलंच नाही, जिन्यातच ऐकून घेतलं. सर संध्याकाळी परत यायचे ते ओठ सुकलेले, पण झोप चांगली लागत असावी. पहाटे लसणाचा भाव ठणठणीत आवाजात यायचा.

शेवटी राहिला एक अन्वर. तो दुसऱ्याच दिवशी, पुढच्या पेपरपर्यंत सुट्टी होती म्हणून, गावाला गेलेला. सर म्हणाले, "तो इथे यायच्या आत मला काही झालं तर?" एसटीनं चिरनेरला उतरलो, पुढे उन्हातून चालत. अन्वरची आई चकित. रेक्टर घरी आले म्हणजे पोरानं काहीतरी केलं असणार! मला तिनं चहा दिला. सर अन्वरला घेऊन अंगणातल्या चिंचेखाली गेले. मी चहा घेऊन तिथेच आडोशाला बसलो होतो.

"अन्वरमियाँ, त्या दिवशी माझ्या घड्याळामुळे तुमचा रोजा वाया गेला. मी माफी मागायला आलोय."

अन्वर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. सर हात जोडणार, तेवढ्यात त्यानं ते धरले.

"सर, नका. माझा रोजा नव्हताच."

"त्या दिवशी?"

"कुठल्याच दिवशी. स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवून यायचो. मारा मला, सर. पण असे हात जोडू नका."

माझ्या ताटाकडे तो का बघत नसे, ते मला आत्ता कळलं. वाटलं, आता सर काही खैर ठेवत नाहीत. सर आपले हात सोडवून घेत म्हणाले, "चला, माझी एक माफी वाचली." आणि घराकडे मान वळवून विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही. इथे आलो की ती रोज पहाटे उठून माझ्यासाठी सहरीचं जेवण करते. आजही केलं."

"मग तुमची एक राहिली," सर म्हणाले आणि चालायला लागले.

एसटीत खिडकीशी बसून ते बाहेर बघत होते. खांदे हलत होते. मी घाबरलो, रडतायत की काय. बघतो तर हसत होते. "पाहुणे, एवढ्या उन्हात ज्याचा रोजा मोडला म्हणून गेलो, तो जेवून बसला होता!" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला रुमाल काढला आणि मग जासईपर्यंत तो डोळ्यांवरून काढलाच नाही.

ईदनंतर कमिटीची मीटिंग झाली. ऑफिसचं दार बंद. मी बाहेर भांडी घासायचं नाटक करत होतो. तेवढ्यात अन्वर आला आणि न विचारता दार ढकलून आत गेला. मला त्याचा आवाज ऐकू येत होता. "रोजे मी खाल्ले, शेट. कुणाला कळलं नव्हतं. सरांनी सांगितलं नसतं तर मीही सांगितलं नसतं. काढायचं तर मला काढा." शेट म्हणाले, "तुझी फी भरलीय, तुला कशाला काढू? जा, अभ्यास कर."

सर बाहेर आले ते नेहमीच्याच चालीनं. जूनपासून नवा रेक्टर येणार, एवढंच सांगितलं. सर गेले तर मीही गेलोच. पुन्हा मुकादम, पुन्हा पाटी-फावडं. सरांनी ते चेहऱ्यावर वाचलं असावं. "तुमचं मी आधीच बोललोय," म्हणाले. "नव्या रेक्टरांना सांगितलंय, फळी वाकडी आहे, पण काढायची नाही." नोकरी टिकली म्हणून बायको-मुलीला इथे आणता आलं, आणि आज माझी मुलगी पनवेलातच मास्तरीण आहे. त्या वाक्याचे उपकार मी कुठे फेडू?

सरांनी गावात, तळ्याच्या बाजूला एक खोली घेतली. कॉलेज चालूच होतं. सायकल हातात धरून आता उलट्या दिशेनं चालायचे. नवे रेक्टर भले गृहस्थ होते. नळ सोडून वजू करायला परवानगी होती आणि पहाटे घंटा वाजायची. मुलांना सुटल्यासारखं वाटलं. निदान मला तसं वाटलं.

पुढचा रमजान आला. एके दिवशी संध्याकाळी मेसमध्ये ताटं लावून झाली, पण पंगतीत मुलंच नाहीत. नव्या रेक्टरांनी विचारलं, मला काय माहीत? मी शोधत लाइनपर्यंत आलो तर ही सगळी पलटण रूळ ओलांडून गावाकडे निघालेली. कुणाच्या हातात खजुराचा पुडा, कुणाच्या हातात केळी, आणि अन्वरच्या डोक्यावर आमच्याच मेसमधलं भज्यांचं पातेलं. चाचींनी दिलं होतं. मी त्यांच्यामागून चालत राहिलो. रागवावं की काय करावं, कळेना.

सरांच्या खोलीत चारपाच माणसं मावायची. बाकीचे जिन्यावर, उरलेले गल्लीत, पेपर पसरून बसले. सर वरून ओरडत होते, "अरे परत जा! तिथलं जेवण वाया जाईल! पाहुणे, यांना घेऊन जा!" मी खाली मान घालून भजी वाढत होतो. कुणी हलेना.

मग वेळ जवळ आली. खजूर हातात. गल्लीच्या तोंडालाच मशीद, त्यामुळे घड्याळाचा प्रश्न नव्हता, तरी सरांनी हात पाठीमागे बांधले होते. मनगट कुणाला दिसू नये, बहुधा त्यांना स्वतःलाही. मशिदीतून आवाज आला. मुलांचे हात हलले आणि थांबले. सगळी वर बघायला लागली, कारण सर खजूर उचलत नव्हते. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला होता. असा चेहरा मी आरशात पुष्कळदा बघितला होता. सरांचा कधीच नाही.

अन्वर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता. त्यानं एक खजूर सरांसमोर धरला. "घ्या, सर. झाली वेळ."

"नक्की?"

"नक्की, सर. आज माझाही रोजा आहे. चुकीचं कसं सांगेन?"

सरांनी तो खजूर घेतला.